'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिताय? 'इंग' गाळण्याच्या या चुका टाळा

ईमेलची शेवटची ओळ: 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' वाचायला गुळगुळीत. एकाही शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं नाही. तरी वाक्य चूक आहे. तिथे 'मीटिंग यू' हवं.

चूक होते ती शाळेत घोटून घेतलेल्या नियमामुळे: 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप. नियम बरोबर आहे, पण तो एकाच 'टू'चा. दुसरं 'टू' म्हणजे 'आय वेंट टू पुणे' मधलं. त्याच्यापुढे नाम लागतं, आणि क्रियापदाला नामाच्या जागी बसायचं तर 'इंग' लावूनच बसावं लागतं.

दोन्हींतला फरक ओळखायला 'टू'नंतर 'धिस' घालून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू धिस' सरळ जातं, म्हणजे इथे 'इंग' येणार. 'आय वॉन्ट टू धिस' म्हणताना जीभच अडखळते, म्हणजे इथे मूळ रूप. 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'व्हेन इट कम्स टू' हे सगळे 'इंग'वाल्या गटातले. अर्ज-अहवालांत हमखास दिसणारं 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह' सुद्धा त्यामुळेच 'इम्प्रूव्हिंग' व्हायला हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ 'यूज्ड टू'चा, कारण त्याचे अर्थच तीन:

'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक' म्हणजे मी नाशिकला राहायचो, आता राहत नाही.
'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन' म्हणजे मला एकटं राहायची सवय आहे.
'धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड' म्हणजे ही सुरी पाव कापायला वापरतात.

मधल्याच वाक्यात 'इंग' आहे. मराठीत 'सवय' हा शब्द आला, की 'ॲम', 'इज', 'आर' किंवा 'गेट' यांपैकी काहीतरी हवं आणि पुढे 'इंग' हवं. 'आय ॲम यूज्ड टू लिव्ह अलोन' लिहिलंत, तर दोन वाक्यांची खिचडी होते.

मराठीतला 'ण्यात' कामाला लावा

'-ायला' हा प्रत्यय फसवतो. 'शोधायला', 'करायला' मनात आलं, की हात आपोआप 'टू' लिहितो. त्याऐवजी तेच वाक्य 'ण्यात' लावून म्हणून पाहा. वाद घालण्यात अर्थ नाही: 'देअर इज नो पॉइंट इन आर्ग्युइंग'. ती स्वयंपाक करण्यात गुंतलीय: 'शी इज बिझी कुकिंग'. घर शोधण्यात अडचण आली: 'आय हॅड डिफिकल्टी फाइंडिंग द हाउस'. 'ण्यात' बसला, की बहुतेक वेळा 'इंग' येतं. (नेहमीच नाही. 'मदत करण्यात आनंद आहे' याचं मात्र 'हॅपी टू हेल्प'च होतं.)

इथे एक बारकावा आहे. 'डिफिकल्टी' या नामापुढे 'फाइंडिंग' येतं. 'डिफिकल्ट' या विशेषणापुढे मात्र 'टू': 'इट वॉज डिफिकल्ट टू फाइंड'. वेळेचंही तसंच. 'स्पेंड' किंवा 'वेस्ट' असेल तर 'इंग', 'टेक' असेल तर 'टू'. 'आय स्पेंट टू अवर्स सर्चिंग फॉर द फाइल', पण 'इट टुक मी टू अवर्स टू फाइंड इट'. एकाच परिच्छेदात दोन्ही आले, की एकाची शेपटी दुसऱ्याला चिकटते.

'वर्थ' आणि 'कान्ट हेल्प'

'वर्थ'साठी मराठीत 'ण्यासारखं' तयारच आहे. पुस्तक वाचण्यासारखं आहे: 'द बुक इज वर्थ रीडिंग'. 'वर्थ टू रीड' चूक, आणि शेवटी 'इट' जोडून 'द बुक इज वर्थ रीडिंग इट' केलं तर तेही चूक, कारण पुस्तक आधीच वाक्याच्या सुरुवातीला येऊन गेलंय.

'हसू आवरेना'साठी 'आय कुडन्ट हेल्प लाफिंग'. इथे 'हेल्प'चा अर्थ मदत नव्हे, टाळणं. तो मदत समजला गेल्यामुळेच 'कुडन्ट हेल्प टू लाफ' तयार होतं. मध्ये 'बट' घातलं तर मात्र 'इंग' जातं: 'कुडन्ट हेल्प बट लाफ'. दोन्ही एकत्र नको.

'खावंसं वाटतं' म्हणजे 'फील लाइक ईटिंग'. 'रडून काय उपयोग' म्हणजे 'इट्स नो यूज क्राइंग'. पोहायला गेलो तर 'वेंट स्विमिंग'. 'वेंट फॉर स्विमिंग' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण 'फॉर' हवंच असेल तर 'फॉर अ स्विम' म्हणा.

'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' यात अडचण उत्तराची असते. आपण 'खिडकी उघडता का?' ऐकतो आणि तत्परतेने 'येस' म्हणतो. प्रश्न मात्र 'हरकत आहे का?' असा आहे. उठायची तयारी असेल तर 'नॉट ॲट ऑल' म्हणा आणि खिडकी उघडा.

काही ठिकाणी दोन्ही रूपं बरोबर असतात, पण अर्थ फिरतो. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सोडली. तसंच 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायची आठवण ठेव, आणि 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय.