संदर्भसूचीतला पाटलांचा घोळ: या चुका टाळा

प्रबंध असो की जर्नलला पाठवायचा पेपर, स्वल्पविराम कुठे आणि तिरका टाइप कुठे यावर विद्यार्थी रात्री जागवतात. ते काम झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकटात करतं. परीक्षकाचं बोट पडतं ते नाव, वर्ष आणि डीओआयवर, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकावर. सॉफ्टवेअरमध्ये भरताना माहिती चुकली की तीच चूक नीटनेटकी होऊन सूचीत छापली जाते.

नावं: सगळ्यात मोठा घोळ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा केळी किंवा कापसावरचा कुठलाही प्रबंध उघडा, पाटील, चौधरी, महाजन पानोपानी सापडतील. त्यात आपल्याकडे कागदोपत्री नाव आडनावापासून लिहायची पद्धत. पेपरवर समजा 'पाटील सुरेश भास्कर' असं छापलंय. सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव धरतं आणि सूचीत 'भास्कर, पी. एस.' नावाचा नवाच शास्त्रज्ञ जन्माला येतो. इंग्रजी सूचीत ही नोंद 'पी'ऐवजी 'बी'खाली जाते, म्हणून शोधूनही सापडत नाही. पेपर झोटेरोच्या लायब्ररीत, म्हणजे संदर्भांच्या साठ्यात, आला की लगेच उजवीकडच्या रकान्यात आडनाव आणि नाव आपापल्या जागी आहेत का ते बघा.

एपीए या संदर्भ लिहायच्या शैलीत मजकुरात मध्येच 'एस. बी. पाटील, 2019' अशी आद्याक्षरं उमटली की अनेक जण ती हाताने खोडतात. आधी कारण बघा. दोन वेगळे पाटील पहिले लेखक असतील तर आद्याक्षरं हवीतच, वर्षं वेगळी असली तरी. पण एकच पाटील एका नोंदीत पूर्ण नावाने आणि दुसऱ्या नोंदीत आद्याक्षरांनी असेल, तर सॉफ्टवेअर त्यांना दोन माणसं समजतं. लायब्ररीत नाव एकसारखं करा, आद्याक्षरं आपोआप जातात.

शासकीय अहवालांची गत आणखी मजेशीर. 'कृषी विभाग, महाराष्ट्र शासन' हे दोन रकान्यांत भरलं की शासनाचीही आद्याक्षरं पडतात. लेखकाच्या नावाशेजारच्या खुणेवर क्लिक करून एकच रकाना करा आणि पूर्ण नाव त्यात टाका.

विद्यापीठाचं नाव

जळगावच्या विद्यापीठाचं नाव 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. त्याआधीच्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' असेल तर संदर्भातही तेच लिहा. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून प्रबंध घेताना नोंदीचा प्रकार 'थिसिस' निवडा. 'वेब पेज' राहिलं तर विद्यापीठ आणि पदवी भरायला जागाच मिळत नाही.

डीओआय आणि आयते संदर्भ

गूगल स्कॉलरच्या 'साइट' बटणाखाली मिळणाऱ्या आयत्या संदर्भात डीओआय नसतो. तो पेपरच्या पहिल्या पानावरून घ्या. सुरुवात नेहमी 10 आणि टिंबाने होते. झोटेरोत जादूच्या कांडीच्या बटणात हा क्रमांक टाकला की बाकीचे रकाने बहुतेक वेळा भरून येतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत डीओआय पूर्ण लिंक म्हणून येतो आणि शेवटी पूर्णविराम नसतो.

एआय चॅटबॉटने दिलेला संदर्भ डीओआय उघडल्याशिवाय घेऊच नका. आणि लिंक उघडली एवढ्यावर थांबू नका: क्रमांक खरा, पण पेपर भलत्याच विषयाचा, असंही होतं. शीर्षक, पहिला लेखक आणि वर्ष ताडून बघा.

'एट अल.' आणि शास्त्रीय नावं

एपीएच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिल्याच वेळी 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर') येतं, सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावं द्यायची. व्हँकूव्हर या दुसऱ्या शैलीत साधारणपणे सहा नावं आणि मग 'एट अल.'. पूर्णविराम फक्त 'अल'नंतर.

केळीच्या मर रोगाच्या बुरशीचं नाव, फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम, शीर्षकात तिरकं हवं. ते वर्डमध्ये तिरकं केलं तर पुढच्या 'रिफ्रेश'ला पुन्हा सरळ होतं. झोटेरोच्या शीर्षकाच्या रकान्यातच नावाच्या दोन्ही बाजूंना इटॅलिकचे एचटीएमएल टॅग लावा. याच नावात पुढे येणारं 'क्युबेन्स' तिरकं, पण त्याआधीची 'एफ. एसपी.' ही अक्षरं सरळच राहतात.

वर्डमध्ये काही बिघडलं तर

सूचीत हाताने केलेली दुरुस्ती 'रिफ्रेश'नंतर उडाली, तर ती लायब्ररीत करा. वर्डमधून झोटेरोची टॅब गायब झाली, तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये 'साइट' या भागातून प्लगइन पुन्हा बसवा. गूगल डॉक्समध्ये लिहिलेलं थेट वर्ड फाइल म्हणून उतरवून पुढे काम करू नका, संदर्भांची जोडणी तुटते. झोटेरोच्या मेनूतला वर्ड प्रोसेसर बदलायचा पर्याय वापरा. 'अनलिंक सायटेशन्स' केलं की जिवंत संदर्भ साधा मजकूर होतात आणि परत जोडता येत नाहीत. म्हणून आधी फाइलची प्रत काढा, ती अनलिंक करून पाठवा. मार्गदर्शक सरांच्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्येच करा.