रेकॉर्डिंगमधली चटचट कशी गेली

सदाशिव पेठेतल्या घरी आत्याची पेटी रेकॉर्ड करत होतो. मधूनच चटचट! आधी केबलवर संशय, मग खालच्या रिक्षांवर. टास्क मॅनेजर उघडला तर 8 जीबी रॅम जवळपास भरलेली, निम्मी ब्राउझरनेच खाल्लेली. त्यात कुणाच्या तरी सल्ल्याने मीच विंडोजची पेजिंग फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जादा जागा, बंद करून ठेवलेली (अतिशहाणपणा!). ती पुन्हा ऑटोमॅटिक केली, ब्राउझर बंद केला. चटचट कमी झाली, गेली नाही. खरी गोम बफरमध्ये होती, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो त्यात: 64 सॅम्पल, म्हणजे 44,100 हर्ट्झला जेमतेम दीड मिलिसेकंद. 512 केला, साधारण 11.6 मिलिसेकंद. आवाज स्वच्छ. पण "हेडफोनात सूर मागून येतोय रे," आत्या म्हणाली. मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करून इंटरफेसवरचं (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरिंग लावलं, म्हणजे सूर कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनात. भूप एका दमात रेकॉर्ड झाला.