पियानोवर शोपॅं, लिस्ट वाजवायचाय? आधी स्कोअर (छापील स्वरलेखन) नीट शोधा

शोपॅंचे एट्यूड (एकेका तंत्राच्या सरावासाठी लिहिलेल्या रचना), किंवा लिस्ट, राखमानिनॉफ या संगीतकारांचं असलं काही पियानोवर हातात घेणार असाल तर पहिली सापडलेली पीडीएफ प्रिंट मारून सुरुवात करू नका, चुकीचा स्वर एकदा बोटात बसला की तो काढताना जीव जातो.

आधी व्हर्जन पक्कं करा. लिस्टच्या ट्रान्सेन्डेन्टल एट्यूडची तीन रूपं आहेत, 1826, 1837 आणि 1852. हल्ली सगळे वाजवतात ते शेवटचं, मधलं तर वाजवायला त्याहून भयंकर अवघड. राखमानिनॉफची दुसरी सोनाटापण 1913 ची वेगळी आणि 1931 ची छाटलेली वेगळी, म्हणजे ऐकताय एक आणि समोर कागद दुसराच असं व्हायला नको.

मग एडिशन. उरटेक्स्ट म्हणजे संपादकाने हस्तलिखितं, पहिल्या छापील प्रती ताडून, मनाच्या पेडलच्या खुणा आणि स्लर (स्वर जोडून वाजवायच्या कमानी) न घुसवता छापलेलं. हेन्लेची निळी पुस्तकं, बेरेनरायटर, वीनर उरटेक्स्ट ही प्रकाशकांची भरवशाची नावं. पण शोपॅंचा घोळ असा की त्याच्या रचना फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडमध्ये साधारण एकाच वेळी छापल्या जायच्या, तिन्हीत फरक, वर शिष्यांच्या प्रतींवर हा पेन्सिलीने बदल करणार, त्यामुळे उरटेक्स्टमध्येही संपादकाला निवड करावीच लागते, तेव्हा त्याच्या टिपा वाचाच. मला विचाराल तर यान एकिएरची पोलिश नॅशनल एडिशन घ्या, तिच्यात शोपॅंचं स्वतःचं फिंगरिंग (कुठल्या स्वराला कुठलं बोट) सरळ आकड्यांत आणि संपादकाचं तिरक्या. एट्यूडपैकी ऑपस (रचना क्रमांक) 10 नंबर 2 ला याची खरी किंमत कळते, तिथे त्याने जवळजवळ प्रत्येक स्वरावर बोट लिहून ठेवलंय (तिसरं, चौथं, पाचवं, बिचारी). फ्रेंच पियानोवादक कोर्तोची एडिशन त्यातल्या व्यायामांसाठी जवळ असू दे, स्वर मात्र तिच्यावरून पाठ करू नका.

आयएमएसएलपी या स्कोअरच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतं ते बहुतेक जुनं छापील, पण शंका आली की पहिल्या आवृत्तीचं स्कॅन उघडून बघायला त्याच्यासारखं काही नाही. प्रिंट काढणार असाल तर साइज बघा, हेन्लेचं पान 23.5 बाय 31 सेंटीमीटर असतं, दाट लिहिलेली पानं ए4 वर आणली की शार्प आणि नॅचरल या स्वरांच्या खुणा वेगळ्या दिसत नाहीत. पान कुठे उलटतंय तेही बघून घ्या, दोन्ही हात गुंतलेले असताना उलटणार कोण?

मुंबईत असाल तर धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये चौकशी करा, 1865 पासूनचं दुकान आहे. जाताना प्रकाशकाचा कॅटलॉग नंबर लिहून न्या, नुसतं "शोपॅं एट्यूड" म्हटलंत तर जे शेल्फवर असेल ते हातात येईल.