‘इतकी वर्षं का नाही सांगितलंस?’ हे विचारण्याआधी

लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार माणसं अनेकदा दहा-वीस वर्षांनी बोलून दाखवतात. कधी आपली मुलगी त्याच वयाची झाल्यावर, कधी लग्नकार्यात तोच नातेवाईक समोर आल्यावर. कुणी तुम्हाला सांगितलंच, तर उशिराचं कारण विचारू नका. त्यात संशय ऐकू येतो आणि बोलणं तिथेच संपतं. कारणं तुम्हालाच माहीत असलेली बरी.

करणारा बहुधा ओळखीचा असतो: काका, आतेभाऊ, शिकवणीचे सर. आधी लाड, खाऊ, मग ‘आपलं गुपित’. ‘आईला कळलं तर घर मोडेल’ एवढी धमकी पुरते. सहा वर्षांच्या पोराकडे घडलेल्या गोष्टीला शब्दच नसतात, कारण घरात त्या अवयवांची नावंही कुणी घेत नाही. मोठेपणी शब्द सापडतात, पण ‘मी ओरडले का नाही?’ ही टोचणीही सोबत येते. भीतीने शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. ती संमती नव्हे. मुलग्यांना तर ‘पुरुषासारखा पुरुष आणि...’ हे ऐकायची धास्ती. आणि पुष्कळांनी तेव्हाच सांगून पाहिलेलं असतं. ‘मला काकांकडे नाही जायचं’ हे सांगणंच होतं, आपण त्याला हट्ट म्हटलं.

बोलणारी व्यक्ती सज्ञान असेल तर म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नव्हती.’ मग गप्प बसा. तपशील उकरू नका. आठवणींचा क्रम मागेपुढे होतो, तो खोटेपणा नव्हे. परस्पर कुणाला जाब विचारू नका. घरच्यांच्या दबावाखाली ती उद्या शब्द मागे घेईल. पुढचं तिला ठरवू द्या. मानसिक आधारासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मोफत.

लहान मूल सांगत असेल तर ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरूनही मदत मिळते. ‘त्यांनी हात लावला का?’ असं सुचवणारं विचारू नका, ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. घटना ७२ तासांतली असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत घालून मुलासोबत रुग्णालयात न्या. तिथे उपचारांसाठी आधी तक्रार लागत नाही. मुलाचा जबाब घरी घेता येतो, आणि तो घेणारा पोलीस गणवेशात नसावा.

तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची कालमर्यादा नाही. मात्र पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासूनचा. त्याआधीच्या घटनेला तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. उशिराचं कारण जबाबात नोंदवून घ्या. ते राहिलं की उलटतपासणीत बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

सज्ञान व्यक्तीलाही एक प्रश्न, घाई न करता, विचारायलाच हवा: तो माणूस आज कुठल्या मुलांच्या सहवासात आहे का?