सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्यासमोर आपलं डिलिव्हरी चलन ठेवा

भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क, म्हणजे कस्टमरच्या मालावर मजुरीने काम करणाऱ्या एका मशिन शॉपचे हिशेब आणि स्टोअर मी बघते. धंदा वाढला की मालक सॉफ्टवेअरचे डेमो बघायला लागतात आणि रंगीत चार्टवर भाळतात. विक्रेत्याचा तयार डेमो बघूच नका. गेल्या महिन्यातली तुमची सगळ्यात गुंतागुंतीची ऑर्डर काढा आणि म्हणा, हीच आमच्यासमोर चालवून दाखवा.

समजा, कस्टमरने मशिनिंगला ५०० कास्टिंग (ओतीव नग) पाठवली. १२ मध्ये ब्लो-होल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघाले, ८ आपल्या मशिनवर खराब झाली, २०० प्लेटिंगला बाहेर गेली आणि उरलेला माल दोन चलनांवर (मालासोबतच्या कागदांवर) परत जायचाय. ब्लो-होलवाली कस्टमरच्या खात्यात, आपल्या हातून गेलेली आठ आपल्या खात्यात. या आठांचं डेबिट, म्हणजे कस्टमर कापतो ती किंमत, आपल्यावरच येतं. ही दोन रिजेक्शनं वेगळी दिसली पाहिजेत. कस्टमरचा माल आपल्या स्टॉकच्या किमतीत मिसळता कामा नये. आणि कुठल्या चलनातले किती नग अजून आपल्याकडे आहेत, हे एका क्लिकवर कळलं पाहिजे. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षभरात परत गेला नाही, तर कराचा बोजा कस्टमरवर येतो, म्हणून तो चलनवार बॅलन्स मागणारच. इथे विक्रेता ‘हे कस्टमाइज करून देऊ’ म्हणाला, तर किती दिवसांत आणि किती पैशांत, ते लगेच लिहून घ्या.

डेमोच्या वेळी माउस स्टोअरवाल्याच्या हातात द्या. गेटवर ट्रक उभा असताना एन्ट्री त्यालाच करायची असते. त्याला आठ स्क्रीन फिरावे लागले, तर तो माल कागदावर लिहून ठेवेल आणि एन्ट्री संध्याकाळी करेल, म्हणजे दिवसभर स्टॉक खोटाच.

कायद्याचं थोडक्यात: उलाढाल पाच कोटींच्या वर असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, तेव्हा आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर) आणि क्यूआर कोड बिलावर थेट आला पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कुठली एन्ट्री कधी बदलली याची नोंद) लागतो, आणि तो बंद करता येता कामा नये. जुनं बिल बदलायला सांगा आणि लॉग उघडून बघा. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन देऊन पैसे वाचवू नका. बदल कुणी केला हेच कळणार नसेल, तर लॉग काय कामाचा?

टॅली सोडायची घाई करू नका, असं माझं ठाम मत आहे. सीए त्यावरच काम करतात. हिशेब तिथेच राहू द्या, स्टोअर आणि प्रॉडक्शनला वेगळं घ्या. अट एकच, बिल दोनदा टाकावं लागता कामा नये. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, त्याला लायसन्सचे पैसे पडत नाहीत. पण सर्व्हर, सेटिंग, ट्रेनिंग यांना पडतात, आणि अडलं की फोन उचलणारा माणूस लागतो. तो कोण, हे आधी ठरवा.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते काम, मास्टर, म्हणजे आयटमच्या नावांची मूळ यादी. आमच्या यादीत एकच बोल्ट ‘एम८ अ‍ॅलन’, ‘अ‍ॅलन बोल्ट ८’ आणि ‘८ एमएम सॉकेट’ अशा तीन नावांनी होता. अशी यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतली, की तीन ठिकाणी स्टॉक दिसतो आणि परचेसवाला चौथ्यांदा मागवतो. नावं स्टोअर आणि परचेसने एकत्र बसून ठरवावीत. विक्रेत्याने पाठवलेल्या मुलाला आपला माल ओळखता येत नाही.

करार करताना विचारा, उद्या सोडायचं ठरलं तर पार्टी, आयटम, उघड्या पीओ (पूर्ण न झालेल्या परचेस ऑर्डर) आणि लेजर एक्सेलमध्ये मिळेल का? हो म्हटलं तर करारात लिहून घ्या. एएमसी (देखभालीचे वार्षिक पैसे) दरवर्षी किती वाढेल, तेही.

सुरुवात मार्चअखेरीच्या धांदलीत नको. एखाद्या गुरुवारच्या सुट्टीत प्रत्यक्ष नग मोजून ओपनिंग स्टॉक टाका, महिनाभर जुनी वही समांतर चालवा आणि रोज संध्याकाळी पाच आयटम रॅकवर जाऊन ताडून बघा. वही बंद करायची तारीख मालकांनी स्वतः जाहीर करावी, नाहीतर ती वर्षभर चालू राहते.