वॉशिंग मशीनमध्ये पाणी करंगळीएवढं येतं? आधी ही जाळी पहा

यवतमाळकडे आमच्या गावात बोअरचं पाणी जड. टॉप लोड मशीन लावली की पाणी करंगळीएवढ्या धारेने भरायचं, मग एरर दाखवून बंद. टाकी उंच केली, नवी नळी आणली; मिस्त्री तर मशीनमध्ये पाणी सोडणारा व्हॉल्व्हच (नळी जोडतो तो) बदला म्हणाला. डोकं पार पिकलं.

नळीचं मशीनकडचं टोक काढून बादलीत सोडलं, तर धार जोरात! म्हणजे अडथळा मशीनच्या तोंडाशी.

प्लग काढला, नळ बंद केला. व्हॉल्व्हच्या तोंडात प्लास्टिकची बारीक जाळी असते. तिचा मधला उंचवटा पकडीने हलकेच धरून सरळ बाहेर ओढायचा, पिळायचा नाही. आमच्या जाळीवर क्षाराचा पांढरा थर, त्यात काळी रेती. कोमट पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून तासभर बुडवली, जुन्या टूथब्रशने घासली, धुऊन परत बसवली. नळीतला रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहिलं, नळी हातानेच घट्ट केली (पान्ह्याने आटे जातात), नळ उघडून गळती तपासली आणि मगच प्लग लावला.

टब आता पूर्वीसारखा भरतो. गरम पाण्याची वेगळी नळी असेल तर तिथेही अशीच जाळी असते. पावसाळ्यात बोअर गढूळ झाली की मी जाळी काढून धुतो.