सीपीके वाढलं म्हणजे सराव लागू पडला? मुलींच्या बास्केटबॉल संघात या चुका टाळा

सीपीके (क्रिएटिन फॉस्फोकायनेज) आणि एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज) या स्नायूतल्या दोन एन्झाइम्सचे रक्ताचे रिपोर्ट हातात आले की पहिली गफलत अर्थ लावण्यात होते. ‘एन्झाइम वाढलं, मुली तयार झाल्या!’ अहो, ही एन्झाइम्स स्नायूच्या पेशीत राबतात. रक्तात सापडतात ती तिथून झिरपलेली. पेशीच्या आत त्यांची क्रिया किती वाढली हे बघायला बायोप्सी, म्हणजे स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासणी, लागते.

सगळ्यात मोठा घोळ रक्त काढण्याच्या वेळेचा. नेहमीचं चित्र असं: महिनाभराची सुट्टी संपते आणि पहिल्याच दिवशी लाइन ड्रिल. बेसलाइनवरून जवळची फ्री थ्रो लाइन, हाफ कोर्ट, पलीकडची फ्री थ्रो लाइन, पलीकडची बेसलाइन, दर वेळी धावत परत. २८ मीटरच्या कोर्टवर एक फेरी १४० मीटरची, त्यात ७ वेळा ब्रेक मारून वळायचं. १० फेऱ्या म्हणजे असे ७० ब्रेक. तासाभरात रक्त काढतात, सीपीके जेमतेम हललेलं असतं. ‘काही इजा नाही’ म्हणून कोच खूश, दुसऱ्या दिवशी पुन्हा १०, वर बॉक्स जंप. तिसऱ्या दिवशी मुली कठडा धरून जिना उतरतात. ब्रेक मारताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच जोर लावतो, इजा तिथे होते, आणि सीपीके शिखरावर पोचायला साधारण २४ ते ७२ तास घेतं. म्हणून दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर एक नमुना, मग ड्रिलनंतर २४ आणि ४८ तासांनी, शक्यतो एकाच वेळेला. ड्रिलनंतर लगेचचं रक्त लॅक्टेटसाठी (जोरात धावताना स्नायूत तयार होणारा पदार्थ) ठेवा. एकाच नमुन्यापुरते पैसे असतील तर तपासणी सोडा, त्या पैशांत केळी आणा.

पंधरवड्याने तोच ड्रिल केला की सीपीके कमी चढतं, कारण स्नायू सरावतो. तेव्हा पहिल्या आठवड्याचा आकडा चौथ्याशी ताडून ‘मेहनत कमी पडली’ म्हणू नका.

एलडीएच फसवं आहे. रक्तातल्या तांबड्या पेशींत ते प्लाझ्माच्या (रक्तातल्या पातळ द्रवाच्या) शंभरपटीहून जास्त असतं. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त आवळला किंवा ट्यूब खडखडा हलवली की पेशी फुटतात. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) गुलाबी दिसलं तर तो नमुना बाद. सीरम लवकर वेगळं करा, आणि एलडीएचचा नमुना फ्रीजमध्ये कोंबू नका.

पुरुषांची मर्यादा मुलींना लावू नका. अनेक लॅबमध्ये सीपीकेची वरची मर्यादा पुरुषांना लिटरमागे ३०८ युनिट, बायकांना १९२ असते. खरं तर प्रत्येकीची तुलना तिच्याच विश्रांतीच्या आकड्याशी करावी. शेजारी पाळीचा दिवसही लिहावा.

एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ते एन्झाइम) वाढलं की लिव्हरची धास्ती? ते स्नायूतूनही येतं. जीजीटी बघा, ते लिव्हरचं एन्झाइम स्नायूतून येत नाही. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतलं असेल तरी सीपीके चढतं, तेही विचारा.

विश्रांतीतली कंजुषी तर सगळीकडेच. ३० सेकंदांच्या फेरीनंतर ३० सेकंदांतच शिट्टी वाजली तर चौथ्या फेरीपासून मुली नुसत्या जॉगिंग करतात. निदान ९० सेकंद द्या. ६ सेकंदांच्या स्प्रिंटला सव्वा मिनिट. सुरुवात ४ फेऱ्यांनी, आठवड्याला एखादी वाढवा. ‘पटकन फिट’ करायची घाई असलेल्यांनी पुढचं नीट वाचावं: अंग प्रचंड दुखतंय आणि लघवी कोलासारखी काळपट आली, तर रिपोर्टची वाट न बघता मुलीला तडक हॉस्पिटलमध्ये न्या.